घरातल्या संगणकांमध्ये फाइल शेअरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात दोन-तीन संगणक आहेत, वाय-फाय आहे, तरीही फाइल इकडून तिकडे न्यायला पेनड्राइव्ह शोधावा लागतो, अशा वाचकांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत. मॅक, लिनक्स आणि फोनचे प्रश्न वेगळे आहेत. पत्ते आणि आकडे इथे देवनागरीत असले तरी संगणकावर ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे. पहिल्यांदा करत असाल तर प्रश्न ३, ४ आणि ५ क्रमाने वाचा. आधी चालत होतं आणि आता बंद पडलं असेल, तर सरळ प्रश्न ७ वर जा.

१. यासाठी इंटरनेट लागतं का? डेटा खर्च होतो का?

नाही. फाइल एका संगणकातून राउटरपर्यंत आणि तिथून दुसऱ्या संगणकात जाते, घराबाहेर पडतच नाही. फायबरचं कनेक्शन बंद असलं, बिल भरलेलं नसलं, तरी राउटरला वीज आहे तोवर शेअरिंग चालतं. राउटर नसेल आणि दोन्ही लॅपटॉप एकाच अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटवर असतील, तरी त्यांच्यात जाणाऱ्या फाइलला मोबाइल डेटा लागत नाही. फक्त त्या वेळात विंडोज अपडेट किंवा क्लाउडचं सिंक मागे सुरू नाही ना, ते बघा. डेटा गेल्याची तक्रार बहुतेक वेळा त्यांच्यामुळे असते.

२. व्हॉट्सॲप आणि पेनड्राइव्ह असताना हे सगळं कशाला?

एखादीच फाइल पाठवायची असेल तर नकोच. पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या फोटोचा दर्जा घटतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं तर एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, आणि दोन्ही वेळा घरातल्या घरात जाणारी फाइल इंटरनेटवरून फिरून येते. पेनड्राइव्हची अडचण वेगळी. त्यामुळे एकाच हिशोबाच्या तीन प्रती तीन ठिकाणी होतात आणि शेवटची कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फाइल एकच राहते आणि सगळे तीच उघडतात. खरा फायदा हा आहे.

३. विंडोजवर फोल्डर शेअर करायची सरळ पद्धत कोणती?

आधी शेअरिंगसाठी वेगळा फोल्डर करा, शक्यतो डी ड्राइव्हवर. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स फोल्डर शेअर करू नका. अनेक नव्या लॅपटॉपवर ते वनड्राइव्हच्या आत गेलेले असतात, आणि तिथल्या काही फाइल दिसतात तेवढ्याच, प्रत्यक्षात त्या डिस्कवर उतरलेल्या नसतात. दुसऱ्या संगणकावरून त्या उघडायला गेलात की अडकायला होतं. अख्खा सी ड्राइव्ह तर कधीच शेअर करू नका.

मग नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का ते पाहा. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये तुमच्या वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडा. नवीन वाय-फाय जोडलं की विंडोज ते बहुतेक वेळा 'पब्लिक' धरतं आणि शेअरिंग अडवतं. त्यानंतर 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेट नेटवर्कखालचे 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' हे दोन्ही चालू करा.

आता फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, 'शेअरिंग' टॅब, आणि तिथलं साधं 'शेअर' बटण. खाली 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग' असं दुसरं बटण आहे, त्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. साधं बटण दोन्ही ठिकाणच्या परवानग्या एकदम लावतं, दुसरं फक्त एका ठिकाणची (प्रश्न ८). यादीतून युजर निवडा, त्याला 'रीड' म्हणजे फक्त वाचणं की 'रीड/राइट' म्हणजे बदलणंही, ते ठरवा आणि 'शेअर' दाबा. कोणता युजर निवडायचा, ते प्रश्न ५ मध्ये.

आणि शेअर करणारा संगणक जागा हवा. झोपलेल्या संगणकावरचा फोल्डर कुणालाच उघडत नाही. चार्जरवर असताना स्लीपची वेळ वाढवून ठेवा.

४. दुसऱ्या संगणकावरून तो फोल्डर उघडायचा कसा?

फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे 'नेटवर्क' दिसतं. तिथे संगणकाचं नाव आलं तर चांगलंच, पण त्या यादीवर विसंबू नका, ती वाटेल तेव्हा रिकामी होते. खात्रीचा मार्ग असा: वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश टाकून लगेच पुढे दुसऱ्या संगणकाचं नाव किंवा त्याचा आयपी पत्ता लिहा आणि एंटर दाबा. आयपी पत्ता त्या संगणकाच्या नेटवर्क प्रॉपर्टीजमध्ये 'आयपीव्ही४ ॲड्रेस' म्हणून मिळतो आणि घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो.

फोल्डर उघडला की त्यावर राइट-क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करा. मग तो झेड ड्राइव्हसारखा कायम दिसत राहील आणि घरातल्या ज्येष्ठांना पत्ता लक्षात ठेवावा लागणार नाही. मॅप करताना शक्यतो नाव वापरा. आयपी पत्ता राउटर वाटतो आणि तो बदलू शकतो. नावाने चालत नसेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवता येतो.

५. युजरनेम आणि पासवर्ड मागतो. मी रोज टाकतो तो पिन टाकला, तरी चुकीचा म्हणतो. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

मागितलेला युजर आणि पासवर्ड तुमच्या समोरच्या संगणकाचा नसतो. ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्याचा असतो. आणि पिन फक्त त्याच यंत्रासमोर बसून लॉगिन करण्यासाठी असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. त्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा पासवर्ड टाकावा लागतो, जो बहुतेकांना आठवत नाही. आणि त्या संगणकाला पासवर्डच ठेवलेला नसेल, तरी रिकामी जागा सोडून आत जाता येत नाही. बिनपासवर्डाच्या खात्याला नेटवर्कवरून प्रवेश द्यायचा नाही, असा विंडोजचा मूळ नियमच आहे.

या तिन्ही भानगडींवर माझा आग्रहाचा उपाय एकच आहे: शेअरिंगसाठी एक वेगळा साधा युजर तयार करा. ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे सेटिंग्ज, 'अकाउंट्स', 'अदर युजर्स', 'ॲड अकाउंट' असं जा. ईमेल विचारतील तिथे या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही हा पर्याय घ्या आणि पुढे मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा. नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, मधे जागा न सोडता. पासवर्ड घरात सगळ्यांना लक्षात राहील पण शेजाऱ्याला सुचणार नाही असा. प्रश्न ३ मधल्या यादीत हाच युजर निवडा. या खात्याने कुणी संगणकावर लॉगिन करायची गरज नाही, ते फक्त शेअरिंगपुरतं.

दुसऱ्या संगणकावर विचारल्यावर आधी फोल्डर असलेल्या संगणकाचं नाव, मग एक बॅकस्लॅश, मग त्या युजरचं नाव, आणि पासवर्ड. 'रिमेंबर'वर टिक करा. पुन्हा विचारणार नाही.

आधी चुकीचा पासवर्ड साठवला गेला असेल तर विंडोज तोच परत परत पाठवत राहतं. कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खाली, त्या संगणकाच्या नावाची नोंद काढून टाका आणि संगणक रीस्टार्ट करा. रीस्टार्ट महत्त्वाचा, कारण एकाच संगणकाशी एकाच वेळी दोन वेगळ्या युजरनी जोडणी करू देत नाही आणि जुनी जोडणी मागे तशीच उघडी असते.

६. यूट्यूबवर सगळे सांगतात, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करा म्हणजे झालं. करू का?

करू नका. त्याने फोल्डर उघडतो हे खरं, पण मग तो तुमच्या वाय-फायवर आलेल्या कुणालाही उघडतो. वाय-फायचा पासवर्ड आपण पाहुण्यांना देतो, मुलांच्या मित्रांना देतो, दुरुस्तीला आलेल्या माणसाला देतो. त्याच फोल्डरमध्ये आधार कार्डाचं स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, घराच्या खरेदीखताची प्रत असते. वाय-फायवर आलेला एखादा लॅपटॉप व्हायरस लागलेला असेल तर वाचण्यापुरतंही थांबत नाही. प्रश्न ५ मधला युजर करायला दहा मिनिटं लागतात आणि ते काम एकदाच असतं. शिवाय विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत बिनपासवर्डाचा मार्ग आता बंद होत चालला आहे (प्रश्न १९), म्हणजे आज तो उघडलात तरी उद्याच्या अपडेटने मोडेल.

७. दोन्ही संगणक एकाच घरात आहेत, तरी एकमेकांना दिसतच नाहीत. शेवटी ८००७००३५ असलेला एरर येतो.

त्या एररचा अर्थ एवढाच की त्या नावापर्यंत किंवा पत्त्यापर्यंत वाट सापडली नाही. पासवर्डाचा इथे संबंध नाही, तिथपर्यंत गाडी पोचलेलीच नसते.

आधी दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते शेजारी शेजारी लिहा. पहिले तीन आकडे सारखे हवेत. एक १९२.१६८.१.५ आणि दुसरा १९२.१६८.०.७ असेल, तर घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार झाली आहेत. आपल्याकडे हे फार आढळतं: फायबरवाल्याने बसवलेला डबा स्वतःच एक राउटर असतो, आणि रेंज येत नाही म्हणून आतल्या खोलीत आपण दुसरा राउटर घेतलेला असतो. दुसऱ्याच्या मागचे संगणक पहिल्याच्या संगणकांना दिसत नाहीत. उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाकणं. ती सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याला पहिल्याच्या मालिकेतला मोकळा पत्ता द्या आणि पहिल्याकडून येणारी केबल 'वॅन'ऐवजी 'लॅन' पोर्टमध्ये लावा.

पत्ते जुळत असतील तर वाय-फायचं नाव बघा. 'गेस्ट' नेटवर्कवरच्या उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. काही राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' नावाचं बटण मुख्य वाय-फायवरही चालू असतं. ते बंद करा. सोसायटीच्या, हॉस्टेलच्या किंवा पीजीच्या सामाईक वाय-फायवर हे वेगळेपण हवंच, तिथे शेअरिंगचा प्रयत्न सोडून द्या.

हेही ठीक असेल तर नेटवर्क 'पब्लिक' झालंय का ते पाहा (प्रश्न ३). राउटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि जुनी निवड जाते. मग अँटिव्हायरस: काहींची स्वतःची फायरवॉल असते आणि त्यात घरचं नेटवर्क 'ट्रस्टेड' म्हणून वेगळं नोंदवावं लागतं.

पत्ता टाकून उघडतं पण 'नेटवर्क'च्या यादीत दिसत नाही, एवढीच तक्रार असेल तर तिच्यामागे वेळ घालवू नका. फारच हवं असेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी' नावाने सुरू होणाऱ्या दोन सेवा ऑटोमॅटिक करा.

८. फोल्डर दिसतो, पण उघडताना परवानगी नाही म्हणतो. किंवा उघडतो, पण त्यात काही सेव्ह करता येत नाही.

विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरला दोन कुलपं असतात, वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतल्या खोलीचं दार असावं तशी. 'शेअरिंग' टॅबमधली परवानगी नेटवर्कवरून येणाऱ्यांपुरती, 'सिक्युरिटी' टॅबमधली सगळ्यांसाठी. दोन्हींत जी कडक ती लागू होते. एका ठिकाणी 'फुल कंट्रोल' दिलं आणि दुसरीकडे त्या युजरचं नावच नसेल तर आत जाता येणार नाही. दोन्ही टॅब उघडून प्रश्न ५ मधला युजर दोन्हीकडे आहे का ते बघा. सेव्ह करायचं असेल तर 'सिक्युरिटी'मध्ये 'मॉडिफाय' आणि शेअरच्या बाजूला 'चेंज' लागतं.

दुसऱ्या विंडोजमधून काढलेली जुनी हार्ड डिस्क शेअर केली की हाच प्रश्न येतो, कारण तिच्यावरच्या फोल्डरांचे मालक जुन्या संगणकातले युजर असतात. तिथे 'सिक्युरिटी'च्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन आधी मालकी बदलावी लागते.

९. होमग्रुप कुठे गेलं?

विंडोज ७ बरोबर आलेलं होमग्रुप २०१८ साली विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत काढून टाकलं. परत आणता येत नाही. त्याने शेअर केलेले फोल्डर बऱ्याचदा शेअर झालेलेच राहिले आहेत, तेवढे एकदा तपासून नको ते बंद करा.

१०. एक मॅक आणि एक विंडोज आहे. जमेल का?

चांगलं जमतं. नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्यासाठी दोघेही एसएमबी हीच पद्धत वापरतात. ॲपलने २०१३ पासून स्वतःची जुनी पद्धत मागे ठेवून तिलाच पहिली पसंती दिली आहे. मॅकवरून विंडोजचा फोल्डर उघडायला फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा, एसएमबी, कोलन, दोन सरळ स्लॅश आणि पुढे आयपी पत्ता लिहा.

उलट दिशेने, मॅकचा फोल्डर विंडोजवर हवा असेल, तर सिस्टिम सेटिंग्ज, 'जनरल', 'शेअरिंग', 'फाइल शेअरिंग' चालू करा. इथे एक पायरी हमखास राहते: त्याच खिडकीतल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'विंडोज फाइल शेअरिंग'खाली तुमच्या खात्यासमोर टिक करून पासवर्ड टाकावा लागतो. ती नसेल तर विंडोजवर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

मॅकला विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर लिहिता येत नाही, मग चालेल का, असंही विचारतात. चालेल. नेटवर्कवरून आलेली फाइल डिस्कवर लिहिण्याचं काम विंडोजच करतं, डिस्क कोणत्या पद्धतीची आहे याच्याशी मॅकचा संबंध येत नाही.

११. लिनक्सवर काय करायचं?

सांबा. ॲण्ड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात विद्यार्थी असताना १९९२ च्या सुमारास लिहायला घेतलेला, लिनक्सला एसएमबी बोलायला शिकवणारा हा मुक्त प्रोग्रॅम आज घरच्या बहुतेक नेटवर्क ड्राइव्हच्या (म्हणजे थेट राउटरला जोडायच्या, डिस्क असलेल्या स्वतंत्र डब्यांच्या) पोटातही चालतो. लिनक्सचा लॉगिन पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगळे असतात, एवढं लक्षात ठेवा. 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आदेशाने तो वेगळा नोंदवल्याशिवाय विंडोजवरून आत जाता येत नाही. लिनक्सवर आलेल्यांची निम्मी तक्रार इथेच मिटते.

१२. फोनमधले फोटो संगणकावर टाकायचे आहेत. पूर्वी शेअरइट होतं.

शेअरइट आणि झेंडर हे दोन्ही जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीत होते. त्यांची नक्कल म्हणून मिळणारी ॲप वापरू नका.

एकदोनदा पाठवायचं असेल तर लोकलसेंड घ्या. मुक्त आहे, जाहिराती नाहीत, आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. अँड्रॉइड आणि विंडोज एवढंच असेल तर गूगलचं क्विक शेअरही चांगलं. ॲपलच्या एअरड्रॉपच्या भरवशावर राहू नका, ते विंडोजशी बोलत नाही.

फोटो नेहमीच टाकायचे असतील तर शेअर केलेला फोल्डरच फोनवर उघडा. आयफोनच्या 'फाइल्स' ॲपमध्ये 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोररसारख्या फाइल मॅनेजरमध्ये 'नेटवर्क' टॅबमध्ये पत्ता आणि प्रश्न ५ मधला युजर टाका. लग्नाचा व्हिडिओ संगणकातून थेट टीव्हीवर बघायचा असेल तर अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी टाका. तेही शेअर केलेले फोल्डर उघडतं, कॉपी करायची गरज नाही.

१३. ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी घरातल्या घरात फाइल कासवगतीने का जाते?

तुमच्या प्लॅनचा इथे काहीही संबंध नाही (प्रश्न १). संबंध आहे तो राउटरच्या पोर्टचा, केबलचा आणि वाय-फायच्या हवेचा.

आधी हिशोब. एमबीपीएसमधले 'एम बी' म्हणजे मेगाबिट. कॉपी करताना खिडकीत दिसतात ते मेगाबाइट, आठपट मोठे. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या पोर्टवरून सेकंदाला जास्तीत जास्त ११-१२ मेगाबाइट जातात, आणि १० जीबीच्या व्हिडिओला पाव तास लागतो. गिगाबिट पोर्टवर तोच वेग ११० च्या आसपास जातो, म्हणजे दीड मिनिट, अर्थात डिस्कही तेवढी वेगवान असेल तर. स्वस्त राउटरच्या खोक्यावर वाय-फायचा आकडा मोठा छापलेला असतो पण मागची पोर्टं १०० चीच असतात. घेताना 'गिगाबिट पोर्ट' हे शब्द शोधा.

राउटर गिगाबिट आहे, तरी वेग ११ वर अडलाय? केबल बघा. १०० च्या वेगाला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एक तार जरी नीट बसली नसेल तरी संगणक तक्रार न करता १०० वर उतरतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची तयार केबल लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

वाय-फायवर दोन्ही संगणक असतील तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे, एकदा राउटरकडून. वेग तिथेच निम्मा होतो. शिवाय इमारतीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि भिंतीपलीकडचे दहा राउटर त्यातच गर्दी करतात. शक्य तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा, आणि दोनपैकी एक तरी संगणक केबलवर घ्या. फाइल शेअरिंगसाठी यापेक्षा मोठी सुधारणा कमी पैशात होत नाही.

आणि हजारो छोटे फोटो एका मोठ्या व्हिडिओपेक्षा नेहमीच हळू जातात, कारण प्रत्येक फाइलसाठी दोन्ही संगणकांना वेगळी देवाणघेवाण करावी लागते. आधी त्यांची एक झिप करा.

१४. राउटरला किंवा संगणकाला लावलेल्या ड्राइव्हवर मोठी फाइल जातच नाही. जागा तर भरपूर आहे.

तो ड्राइव्ह फॅट३२ असणार. त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, मग ती नेटवर्कवरून पाठवा की थेट. त्यातला मजकूर दुसरीकडे काढून ठेवून ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. राउटरला लावायचा असेल तर तो राउटर यातलं काय वाचतो ते आधी त्याच्या माहितीपत्रकात बघा.

१५. फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर चालतं का? नेटवर्क ड्राइव्हवर काही फाइल कॉपी होत नाहीत.

नाव मराठीत बिनधास्त ठेवा. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या.

पहिली, लांबी. लिनक्सवर आणि लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक नेटवर्क ड्राइव्हवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटचा. एकंदर ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. विंडोजवर मात्र अशीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे. म्हणून विंडोजवर नीट असलेली 'गणपती उत्सव २०२३ सार्वजनिक मंडळ जमाखर्च…' अशी लांबलचक नावाची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर अडते. नाव छोटं करा.

दुसरी, 'ऱ्या', 'ऱ्ह' यांतला र. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे टाइप होतात, आणि दिसायला सगळे सारखेच असतात. एका कीबोर्डने ठेवलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डने शोधलं तर सापडत नाही, किंवा एकाच नावाच्या दोन फाइल शेजारी शेजारी दिसतात. नावात असा शब्द असेल तर शोधताना तो सोडून बाकीचा भाग टाका.

कोलन, प्रश्नचिन्ह, तारका ही चिन्हं नावात नकोत. विंडोजला ती चालत नाहीत.

१६. शेअर केलेली वर्डची फाइल वडिलांच्या संगणकावर मराठीत दिसते, माझ्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

शेअरिंगमध्ये बिघाड नाही. ती फाइल श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्यांत आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फाइल आली, फॉन्ट आला नाही. फक्त वाचायची असेल तर वडिलांच्या संगणकावरून तिचं पीडीएफ काढा, फॉन्ट त्यात सोबत येतो. पुढे बदल करायचे असतील तर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, गडबड तिथेच होते. घरातली जुनी पत्रं, हस्तलिखितांच्या टाइप केलेल्या प्रती, मंडळाची इतिवृत्तं अशा फॉन्टमध्ये असतील तर हे काम पुढे ढकलू नका. तो फॉन्ट असलेला संगणक आज चालू आहे, तोवर करा.

१७. नेटवर्कवरून फाइल डिलीट केली. रिसायकल बिनमध्ये कुठेच नाही.

नसणारच. नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, कायमची जाते. ना तुमच्या संगणकावर, ना ज्याच्यावर फोल्डर आहे त्याच्यावर. काही नेटवर्क ड्राइव्हमध्ये वेगळा रिसायकल फोल्डर चालू करता येतो. असेल तर आजच करा.

यातूनच सांगतो: शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. खंडणी मागणारे व्हायरस मॅप केलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलही कुलूपबंद करतात. महिन्यातून एकदा फोल्डरची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मुलांना आणि नातवंडांना 'रीड' एवढीच परवानगी द्या, फोटो बघायला तेवढी पुरते.

१८. एकच एक्सेल दोघांनी एकदम उघडलं तर? आणि टॅली?

एक्सेलची फाइल पहिल्याने उघडली की दुसऱ्याला ती 'रीड-ओन्ली' म्हणून उघडते. त्याने तरी बदल करून दुसऱ्या नावाने सेव्ह केलं की दोन हिशोब तयार होतात. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या वह्या अशाच फाटतात. दोघांना खरोखर एकाच वेळी भरायचं असेल तर ऑनलाइन शीट वापरा.

टॅलीचा डेटा फोल्डर शेअर करून दोन संगणकांवरून एकदम काम करायचं तर त्याचं अनेक जणांसाठीचं गोल्ड लायसन्स लागतं. सिल्व्हर एकाच युजरसाठी आहे. आणि टॅलीसाठी वाय-फाय नको, केबल टाका. नोंद लिहिताना जोडणी तुटली तर डेटा बिघडू शकतो.

१९. घरचाच लॅपटॉप आहे, आणि मेसेज येतो की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाही. कोणती संस्था?

कोणतीच नाही, मेसेजची भाषा तशी आहे. अर्थ असा की समोरचं उपकरण बिनपासवर्डाचा 'गेस्ट' प्रवेश देतंय आणि तुमचं विंडोज तो नाकारतंय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो वापरणाऱ्यांना हे अचानक दिसू लागलं. जुने नेटवर्क ड्राइव्ह आणि राउटरला लावलेल्या डिस्क यात जास्त सापडतात. त्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये युजर आणि पासवर्ड तयार करा, त्याचं फर्मवेअर अपडेट करा, आणि प्रश्न ५ प्रमाणे जोडा. रजिस्ट्री बदलून गेस्ट प्रवेश परत उघडण्याचे उपाय सगळीकडे मिळतात. ते करण्यापेक्षा उपकरण बदलणं बरं.

२०. दुकानात एक्सपीचा जुना संगणक आहे, किंवा झेरॉक्स मशीन स्कॅन फोल्डरमध्ये पाठवतं. नवीन लॅपटॉपशी जुळत नाही.

एक्सपीला आणि त्या काळच्या यंत्रांना फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच आवृत्तीतल्या छिद्रातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती मुळातच बसवलेली नसते. 'विंडोज फीचर्स'मधून ती चालू करता येते, पण ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता त्यावर करू नका. एक्सपीवरचा डेटा एकदाच काढायचा असेल तर त्याची डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घालून कॉपी करा. मशीनमध्ये स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीवर पाठवायची सोय असतेच, ती लावून घ्या.

२१. ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला की त्यावरून घरचे फोल्डर उघडत नाहीत.

बहुधा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी बंदिस्त वाट, चालू असतो आणि तो घरच्या नेटवर्ककडे जाणारी वाट बंद करतो, किंवा कंपनीचं धोरण ती अडवतं. व्हीपीएन बंद करून एकदा बघा. तरीही अडत असेल तर ते मुद्दाम आहे, त्यात वाटा शोधू नका. कंपनीच्या फाइल घरच्या फोल्डरमध्ये आणि घरची कागदपत्रं कंपनीच्या लॅपटॉपवर, दोन्ही नकोत.

२२. मुलगी परदेशात असते. तिला घरच्या संगणकावरचे फोटो तिथून उघडता येतील का?

येतील. पण राउटरमध्ये ४४५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे फाइल शेअरिंगचं दार, बाहेरच्या जगाला उघडून नाही. तो उघडा दिसला की काही वेळातच अनोळखी यंत्रं पासवर्ड ठोकून बघायला लागतात. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही मिळत नाही.

टेलस्केल हा सोपा मार्ग आहे, घरगुती वापरासाठी मोफत. घरच्या संगणकावर आणि मुलीच्या लॅपटॉपवर ते टाका आणि दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. दोन्हींमध्ये वायरगार्डवर चालणारी बंदिस्त वाट तयार होते आणि प्रत्येकाला १०० ने सुरू होणारा कायमचा पत्ता मिळतो. तिने प्रश्न ४ प्रमाणे तोच पत्ता टाकायचा, प्रश्न ५ मधला युजर आणि पासवर्ड द्यायचा. वेग तुमच्या घरच्या अपलोडइतका मिळेल, म्हणून व्हिडिओ तिथून थेट बघण्यापेक्षा कॉपी करून घ्यायला सांगा. आणि तिच्या वेळेनुसार तुमचा संगणक रात्री चालू लागणार असेल, तर स्लीपची सेटिंग त्याप्रमाणे बदला.